जुन्या तैलचित्रावरून चेहरा रंगवायला शिकताना : तयारीची यादी

आधी चित्र ठरवा. एकच चेहरा, एकाच बाजूने येणारा प्रकाश आणि साधी पार्श्वभूमी असलेलं. सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याचं 'मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी' हे चित्र मला यासाठी फार योग्य वाटतं. सुमारे १६६५ सालचं हे चित्र जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचं आहे, त्यामुळे मूळ आकारात नक्कल करता येते. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाने त्याची मोठी फाईल खुली ठेवली आहे. तिचे दोन प्रिंट काढा, एक रंगीत आणि एक कृष्णधवल. छायाप्रकाश समजायला कृष्णधवलच जास्त उपयोगी पडतो.

ब्रश हातात घ्यायच्या आधी एक संध्याकाळ नुसतं बघण्यात घालवा. नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल यांच्यात रेषाच नाही, दोन्ही एकाच उजेडात मिसळले आहेत. मोत्याला धड कडा नाही, कानात अडकवायची कडीही नाही. वर एक जाड पांढरा ठिपका, खाली कॉलरचं मंद प्रतिबिंब, बस्स. हे टिपल्याशिवाय सुरुवात केली तर आपण हमखास रेषा काढतो आणि चेहरा चपटा होतो. मागची काळी पार्श्वभूमी मुळात हिरवी होती, वरच्या पातळ थरातले वनस्पतिजन्य रंग काळाच्या ओघात बिघडले. आज दिसते तशी करायची की मूळची, हेही आत्ताच ठरवा.

कॅनव्हासला प्रायमर (रंगाखालचा पायाचा थर) असू द्या आणि त्यावर अंबर या मातकट तपकिरी रंगाचा पातळ हात देऊन तो पूर्ण वाळू द्या. पांढऱ्याफेक कॅनव्हासवर त्वचेचा रंग नेहमीच गडद भासतो. रंग मोजकेच घ्या : टायटॅनियम व्हाइट (मूळचा शिशाचा पांढरा विषारी असतो), यलो ऑकर, कॅडमियम रेड, अलिझरिन क्रिमझन, अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक. ब्रश दोन-तीन राठ, एक मऊ. रेखाटन तपासायला छोटा आरसा लागतोच. आरशात डोळ्यांचा तिरकेपणा लगेच कळतो.

खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरचे जवसाच्या तेलाने तेलकट, हा क्रम मोडू नका, नाहीतर पुढे रंगाला भेगा पडतात. खिडकी उघडी ठेवा. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळवा. आणि चित्राच्या मागे 'व्हर्मीरवरून' असं लिहून खाली तारीख घाला.