जुन्या सोव्हिएत रायफलीवरचे शिक्के कसे वाचावेत

मोसिन-नागान रायफल पहिल्यांदा हातात घेणाऱ्याची नजर बहुधा चुकीच्या शिक्क्यावर जाते. इंग्रजीत 'मेड इन यूएसएसआर' दिसलं की त्याला वाटतं, हाच कारखान्याचा शिक्का. पण लाल सेनेसाठी बनवलेल्या बंदुकीवर तूला या रशियन शहरातल्या कारखान्याचा कारागीर इंग्रजी कशाला ठोकेल? ती अक्षरं परदेशातल्या कस्टमवाल्यांसाठी, बंदूक विकली गेल्यानंतर उमटवलेली. म्हणून शिक्के ज्या क्रमाने पडले त्याच क्रमाने वाचायचे: आधी जन्म, मग डागडुजी, मग प्रवास.

सुरुवातीला मालकाला बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, काढायला लावून नळी रिकामी असल्याची खात्री करून घ्या. गोदामातल्या बंदुकीवर तपकिरी ग्रीसचा थर असतो. तो रॉकेल लावलेल्या फडक्याने हलकेच पुसा. बॅटरीचा उजेड समोरून न मारता बाजूने तिरका मारा, म्हणजे झिजलेले आकडेही सावलीने उठून दिसतात. पॉलिश पेपरला मात्र हातही लावू नका.

आता नळीचा बुंधा, म्हणजे बोल्टकडचं जाड टोक, बघा. पंचकोनी ताऱ्यात बाण असेल तर कारखाना तूलाचा, त्रिकोणात बाण असेल तर इझेव्स्क या दुसऱ्या रशियन शहरातला. शेजारी साल असतं आणि त्यामागे एक रशियन अक्षर, उलट्या 'एल'सारखं. ते 'गोद' म्हणजे वर्ष या शब्दाचं आद्याक्षर. १९४२-४३ सालच्या बंदुकांवर यंत्राचे ओरखडे तसेच राहिलेले दिसतात. युद्धाच्या घाईत घासून गुळगुळीत करायला वेळ कुणाला होता!

त्यानंतर डागडुजीचा शिक्का शोधा: चौकोन आणि त्यातून गेलेली तिरकी रेघ. हा दिसला की बंदूक नंतर शस्त्रागारात पुन्हा जुळवलेली आहे असं धरा. बोल्टवरचा जुना आकडा खोडून नवा ठोकलेला असतो. विक्रेता 'सगळे नंबर जुळतात' म्हणाला, तर ते जन्मतःच जुळलेले की नंतर जुळवलेले, एवढं विचारा.

प्रवासाचे शिक्के मला सगळ्यात आवडतात. चौकटीत 'एसए' ही रोमन अक्षरं म्हणजे फिनलंडच्या सैन्याची मालमत्ता. रशियनांकडून हिसकावलेल्या बऱ्याच बंदुकांवर ती दिसतात. 'एमपी८' हा स्पॅनिश शिक्का. १९३६-३९च्या यादवी युद्धात सोव्हिएत संघाने स्पेनच्या प्रजासत्ताकाला रायफली पुरवल्या आणि पुढे तिथला हुकूमशहा फ्रँको याच्या काळात त्यातल्या अनेक अमेरिकेच्या बाजारात पोचल्या.

अमेरिकेत १९३०च्या कायद्यानुसार आयात मालावर मूळ देशाचं नाव लागायचं. १९६८च्या बंदूक कायद्याने त्यावर कडी केली: आयातदाराचं नाव, त्याचं शहर आणि राज्य, देश, मॉडेल, कॅलिबर (नळीच्या भोकाचं माप), अनुक्रमांक, सगळं कोरायचं. म्हणजे नुसतं देशाचं नाव असेल, तर बंदूक बहुधा १९६८च्या आधी तिथे आली. पूर्ण पत्ता असेल, तर नंतर. त्यातही १९६८ ते १९८४ जुन्या लष्करी मालाची आयात जवळपास बंदच होती. ३० जानेवारी २००२पासून कोरीव कामाची खोली किमान ०.००३ इंच लागते, म्हणून अलीकडचे शिक्के डोळ्यांत खुपतात. ते सहसा नळीच्या तोंडाजवळ किंवा बुंध्याच्या खालच्या अंगाला असतात.

आयातीचा शिक्का नसलेली बंदूक सैनिकाने स्वतः युद्धावरून आणलेली असू शकते, आणि तिला भावही जास्त मिळतो. साहजिकच कानस मारून शिक्का उडवणारे महाभाग निघतात. नळीवर एकाच जागी चपटा, चकचकीत किंवा वेगळ्या रंगाचा पट्टा दिसला की सावध व्हा.

हा संग्रहाचा छंद भारतात मात्र परवान्याच्या चौकटीतच. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं, काढणं, बदलणं किंवा बनावट घालणं हा गुन्हा आहे. तेव्हा इथे हा अभ्यास संग्रहालयाच्या काचेआडून किंवा लिलावाच्या फोटोंवरूनच केलेला बरा. फोटो मागताना बुंध्याची वरची बाजू आणि खालचं अंग, दोन्ही मागा. विक्रेते सहसा वरचाच फोटो पाठवतात.