एकाच सुट्टीत कडा आणि लाटा: या चुका टाळा

आठवड्याची सुट्टी, समुद्राजवळ तंबू, सकाळी क्लाइंबिंग आणि दुपारी सर्फिंग. बहुतेक जण बेत असाच आखतात, मीही पहिल्यांदा असाच आखला होता. चौथ्या दिवशी दंड वर जात नव्हते, बोटांची सालं निघाली होती आणि चांगल्या लाटा रोज आम्ही दोराला लटकलेले असताना येऊन जात होत्या. दोन्ही खेळ एकत्र जमतात, पण वेळापत्रक समुद्राच्या हाती द्यावं लागतं.

वार ठरवून ठेवू नका

सोमवारी कडा, मंगळवारी लाटा असं घरूनच ठरवणं ही सगळ्यात मोठी चूक. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. शाळेत शिकलेला मतलई वारा तो हाच. किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटेला तो समोरून थोपवतो, त्यामुळे लाट नीट उभी राहते आणि स्वच्छ फुटते. ऊन चढलं की खारा वारा सुटतो आणि पाण्यावर नुसती खळबळ उरते. म्हणजे सर्फिंगचा वेळ साधारण पहाटेचाच, आणि दुपारी क्लाइंबिंग करू म्हणाल तर पुढची अडचण कातडीची आहे, ती खाली येतेच.

माझा अनुभव असा की एका दिवसात दोन्ही कोंबण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी अंदाज पाहून दिवस वाटून घ्यावेत. लाटा असतील आणि पहाटेचा वारा साथ देणार असेल तर पाण्यात. समुद्र सपाट असेल किंवा सकाळपासूनच किनाऱ्याकडे वारा असेल तर कड्यावर. मात्र वालुकाश्म असेल आणि पाऊस पडून गेला असेल तर एक-दोन दिवस, कधी तीनही, थांबा. ओला वालुकाश्म ठिसूळ होतो. वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते आणि धरलेली खाच हातात येते.

फक्त लाटेची उंची पाहू नका

1 मीटर उंची आणि लागोपाठच्या दोन लाटांत 7 सेकंद अंतर, तसंच 1 मीटर आणि 14 सेकंद, हे दोन अंदाज सारखे वाटतात. पण दुसऱ्या स्वेलमध्ये (लांबून येणाऱ्या लाटांच्या रांगेत) साधारण दुप्पट शक्ती असते आणि किनाऱ्याशी ती लाट जास्त उंच उठते. शिवाय अशा मोठ्या लाटा गटागटाने येतात आणि मधली दहा-पंधरा मिनिटं पाणी अगदी शांत असतं. त्या शांततेला भुलून नवखा माणूस पाण्यात शिरतो. कड्याच्या पायथ्याशी दोर उलगडत बसलेल्यालाही तोच धोका. आधी निदान वीस मिनिटं उभं राहून समुद्र बघा.

भरतीचंही तसंच. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज जवळपास 50 मिनिटांनी पुढे सरकते. कालची वेळ आज धरू नका. पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळपास निम्मी भरती होऊन जाते. ज्या वाळूवरून चालत कड्याखाली पोचलात ती वाट याच दोन तासांत बंद होते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तर हमखास. उतरताना ओहोटीची वेळ आणि वरून निघायची दुसरी वाट, दोन्ही माहीत हवं.

भिजलेली बोटं

दोन तास पाण्यात राहिल्यावर बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुततात. त्या बोटांनी धारदार खाच पकडून वजन टाकलं की कातडीचा पापुद्रा एका बाजूने सुटतो आणि झाकणासारखा उघडतो. खाली गुलाबी, ओली कातडी. मग त्यावर मीठ. असं झालं तर गोड्या पाण्याने धुवा, लोंबणारा तुकडा स्वच्छ कात्रीने कापा, ओढू नका. कोरडं करून टेप गुंडाळा आणि तो दिवस क्लाइंबिंग बंद. पाण्यातून आल्यावर तीन-चार तास हात कोरडे राहू द्या. सनस्क्रीन मुठीने किंवा हाताच्या मागच्या बाजूने लावा. बोटांना लागलेलं सनस्क्रीन चॉकनेही (हात कोरडे ठेवायच्या पुडीनेही) पुरतं जात नाही.

खांद्यांचं दुखणं वेगळं. पॅडलिंग (बोर्डावर पालथं पडून हातांनी वल्हवणं) काय आणि चढाई काय, दोन्हींत ओढायचंच काम आहे. दर तिसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती ठेवा.

तंबू

वाळलेल्या शेवाळाची रेघ दिसते तिच्या बऱ्याच वर, आणि कड्याच्या सावलीत अजिबात नको, वरून दगड येतात. साधे खुंटे वाळूत धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून ती पुरा आणि दोरी तिला बांधा. ओला वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी पोशाख) बाहेरच टांगा.

मिठाला कमी लेखू नका

बोर्ड, त्यावर पाय घसरू नये म्हणून लावायचं वॅक्स आणि दोर एकाच डिक्कीत टाकणं ही आणखी एक नेहमीची चूक. उन्हात वॅक्स वितळतं आणि दोराला, बुटांच्या तळाला लागतं. सामान वेगळ्या बंद पिशव्यांत ठेवा. ओला नायलॉन दोर कोरड्यापेक्षा कमकुवत असतो. खारं पाणी लागलं तर कोमट गोड्या पाण्यात बुडवून धुवा आणि सावलीतच वाळवा.

समुद्रालगतच्या कड्यात दोर अडकवण्यासाठी बसवलेले बोल्ट चकचकीत दिसले तरी भरवसा ठेवू नका. थायलंडमध्ये रायले आणि तोन्सायच्या चुनखडीत स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आतून तडकलेले निघाले. आता तिथे टायटॅनियमचे बोल्ट मजबूत रासायनिक गोंदाने चिकटवून बसवतात. कोणत्या मार्गावरचे बोल्ट कधी बदलले, हे तिथल्या क्लाइंबर्सना विचारूनच चढा.

परत निघण्याआधी प्रत्येक कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं) गेट उघडून सोडून बघा. बिजागरीपाशी पांढरी भुकटी दिसली किंवा गेट खटकन बंद न होता रेंगाळलं, तर कोमट गोड्या पाण्यात बुडवून वीस-तीस वेळा उघड-बंद करा, वाळवा आणि बिजागरीला कोरडं वंगण लावा. तरीही रेंगाळत असेल किंवा धातूला खड्डे पडले असतील, तर तो कॅराबिनर चाव्या अडकवायलाही ठेवू नका. नंतर कुणीतरी नकळत हार्नेसला (चढताना कमरेला बांधायच्या पट्ट्याला) लावतं.