उंदरांमध्ये मेदऊतीचे प्रत्यारोपण

एका उंदराची (दाता) मेदऊती दुसऱ्यात (ग्राही) बसवून चयापचयावर काय परिणाम होतो ते पाहण्याचा हा प्रयोग. प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्यावरच सुरुवात करा. दाता आणि ग्राही एकाच अंतःप्रजात (पिढ्यानपिढ्या आपसातच प्रजनन होऊन जनुकीयदृष्ट्या जवळजवळ सारख्या झालेल्या) वंशाचे, एकाच लिंगाचे, साधारण १० ते १२ आठवड्यांचे घ्या, सी५७बीएल/६जे सोयीचा. स्विस अल्बिनोसारख्या मिश्र वंशात शरीर ऊती नाकारते, मग चयापचयाऐवजी दाहच मोजला जातो.

दात्याला वेदनारहित मरण दिल्यावर जांघेजवळची त्वचेखालची मेद काढा, लसिकाग्रंथी कापून टाका आणि ऊती निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवा. कोरडी पडली की ती वाया गेली. तुकडे १०० ते १५० मिलिग्रॅमचेच ठेवा. नव्या रक्तवाहिन्या फुटेपर्यंत ऊती आजूबाजूच्या द्रवावरच जगते. मोठ्या तुकड्याचा गाभा प्राणवायूअभावी मरतो आणि तिथे तेलाची गाठ उरते. एकूण वजन वाढवायचे तर तुकड्यांची संख्या वाढवा.

ग्राहीला आयसोफ्लुरेनची भूल द्या, उबदार पॅडवर ठेवा, वेदनाशामक चीर देण्याआधीच टोचा. पोटात प्रत्यारोपण करताना तुकडे आतड्यांमध्ये मोकळे सोडू नका, अधिवृषण मेदीलगत (नरातील वृषणाजवळच्या मेदीला लागून) बसवा. स्नायू आणि त्वचा वेगवेगळी शिवा.

तुलनेच्या गटावरही तीच शस्त्रक्रिया करा, फक्त ऊती न घालता. भूल आणि जखमेने वजन उतरतेच. हा गट नसेल तर ती घट प्रत्यारोपणाच्या खात्यावर जाते. ग्लुकोज सहनशीलता चाचणी (शरीर रक्तातली साखर किती लवकर खाली आणते ते पाहणारी) ८ ते १२ आठवड्यांनी घ्या. शेवटी तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पेरिलिपिन (जिवंत मेदपेशींतल्या मेदथेंबांभोवतीचे प्रथिन) दिसले नाही, तर त्या उंदराचे आकडे वगळा. वगळण्याचा हा निकष मात्र प्रयोगाआधीच लिहून ठेवा.