बागेत फेंगशुई करताय? या चुका टाळा

दारातल्या पितळी घंगाळात पाणी, त्यावर झेंडूची फुलं. दिसायला किती छान! पण चार दिवसांनी वाकून बघा. पाण्यात बारीक काळ्या अळ्या वळवळताना दिसल्या, तर समृद्धीच्या नावाखाली तुम्ही डेंग्यूचे डास पाळताय. अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बरं, नुसतं पाणी ओतून भागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाची अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून दर आठवड्याला भांडं आतून काथ्याने खसाखसा घासा. मोठं टाकं असेल तर गप्पी मासे सोडा. मुळात फेंगशुईला, म्हणजे घर-अंगणाच्या मांडणीच्या चिनी पद्धतीला, पाणी हवं ते स्वच्छ, खेळतं.

दुसरी चूक म्हणजे वास्तुशास्त्र आणि फेंगशुईची खिचडी. आपल्याकडे ईशान्य पाण्याची, आग्नेय अग्नीची. फेंगशुईत पाणी उत्तरेला, ईशान्येला माती आणि आग्नेयेला लाकूड, म्हणजे झाडंझुडपं. दोन्हींचं ऐकायला गेलात तर तेच कारंजं दर महिन्याला जागा बदलेल. एकच काहीतरी धरा.

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती तिसरी चूक. चीनमध्ये घराच्या पाठीशी, उत्तरेला, डोंगर किंवा दाट झाडी शुभ मानतात, कारण तिकडे हिवाळ्यात बोचरा वारा उत्तरेकडून येतो. कोकणातल्या आमच्या परड्यात मी हाच नियम जसाच्या तसा उचलला आणि उत्तरेला बांबू लावले. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला आणि घडाला आलेल्या दोन केळी मोकळ्या बाजूने आडव्या झाल्या. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. वारा तुमच्या अंगणातला बघायचा, चीनमधला नाही.

लकी बांबूच्या तक्रारी तर सारख्या कानावर येतात. हा बांबू नव्हेच, मध्य आफ्रिकेतलं ड्रॅसिना नावाचं झुडूप आहे. झाडांच्या सावलीत वाढणारं, त्यामुळे थेट उन्हात पानं करपतात. फक्त टोकं तपकिरी होत असतील तर बहुधा नळाच्या पाण्यातल्या क्षारांचा किंवा फ्लोराइडचा त्रास असतो. पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घालून बघा. कांडी खालून पिवळी आणि मऊ पडली तर ती कुजली. लगेच काढा, नाहीतर शेजारच्याही जातील. वरचा भाग हिरवा असेल तर तेवढा कापून वेगळ्या पाण्यात ठेवा, मुळं फुटतात.

फेंगशुईतल्या वळणाच्या वाटेचा हट्ट मोठ्या बागेत ठीक. चार फुटांच्या गॅलरीत त्यासाठी कुंड्या आडव्यातिडव्या मांडल्या, की पाणी घालायलाही पाय ठेवायला जागा उरत नाही.

आणि खरेदीची घाई नको. आधी आठवडाभर काठीला सुती चिंधी बांधून वारा कुठून येतो ते पाहा. मग अंगणात दोन बादल्या ओता. तासाभरानेही पाणी जिथे साचून राहील, तिथे कारंजं नको, आधी निचऱ्याची सोय करा.