युजर अकाउंटचं डॉक्युमेंट जुनं झालंय? या चुका टाळा

प्रिंटर जोडायचं डॉक्युमेंट चुकीचं असेल तर प्रिंट येत नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते. युजर अकाउंट कसं उघडायचं, बदलायचं आणि बंद करायचं हे ॲडमिनला सांगणाऱ्या पानाचं तसं नाही. खातं उघडतं, माणूस लॉगिन करतो, तिकीट (कामाची नोंद) बंद होतं. पानावरची चूक बऱ्याच दिवसांनी बाहेर येते, तीही भलत्याच ठिकाणी. म्हणून या डॉक्युमेंटमधली अर्धवट खरी ओळ ही नसलेल्या ओळीपेक्षा घातक असते. ओळ नसेल तर माणूस निदान कुणाला तरी विचारतो.

कमांड चालते, पण भलतंच करते

लिनक्सवरचं नेहमीचं उदाहरण घ्या. पानावर लिहिलेलं असतं: युजरला नवीन ग्रुप (फोल्डरचे हक्क ज्यावरून ठरतात तो गट) द्यायचा असेल तर 'युजरमॉड', मोठा 'जी', ग्रुपचं नाव, युजरचं नाव. ओळ चालते, एरर येत नाही, नवीन ग्रुप मिळतोही. फक्त सोबत छोटा 'ए' द्यायचा राहिला, त्यामुळे त्या युजरचे आधीचे सगळे जादाचे ग्रुप उडाले. चालू सेशनला जुने ग्रुप चिकटलेले असतात, त्यामुळे त्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या लॉगिनला फोल्डर उघडेनासे होतात, आणि तोवर 'काल कोणी काय केलं' हे विचारायलाही कुणी नसतं.

नुसता 'ए' वाढवून भागत नाही. त्या कमांडच्या आधी आणि नंतर 'आयडी' (युजरचे ग्रुप दाखवणारी कमांड) चालवा आणि दोन्ही आउटपुट तिकिटात चिकटवा, अशी ओळ पानावर हवी. ग्रुप उडालेच तर काय परत द्यायचं, हे निदान हाताशी राहतं.

दुसरा घोळ 'युजरॲड' आणि 'ॲडयुजर' या खातं बनवणाऱ्या दोन कमांडचा. डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर 'ॲडयुजर' प्रश्न विचारतं, होम डिरेक्टरी (युजरचं स्वतःचं फोल्डर) बनवतं. 'युजरॲड'ला मात्र छोटा 'एम' सांगावा लागतो, नाहीतर होम बनत नाही. रेड हॅट या दुसऱ्या प्रकारात 'ॲडयुजर' हे 'युजरॲड'चंच दुसरं नाव आहे आणि होम आपोआप बनतं. रेड हॅटवर लिहिलेलं पान उबंटूवर तसंच वापरलं की युजरला लॉगिन करताना 'होम डिरेक्टरी नाही' असं दिसतं, आणि नवीन ॲडमिन पर्मिशनमध्ये दोष शोधत बसतो.

यावर उपाय साधा आहे: पानाच्या डोक्यावर कोणती सिस्टीम, कोणती आवृत्ती आणि शेवटचं चालवून कधी पाहिलं, हे लिहा. 'शेवटचा बदल' ही विकीने आपोआप टाकलेली तारीख त्यासाठी कुचकामी आहे. कुणी एक वेलांटी दुरुस्त केली तरी ती तारीख ताजी होते.

नावं बदलली, पान तसंच

काही जुनेपणा प्रामाणिक असतो. चुकीचे पासवर्ड टाकून खातं लॉक झालं की ते मोकळं करायला जुनी पानं 'पॅम टॅली टू' चालवायला सांगतात. रेड हॅट 8 मध्ये ती कमांडच नाही, तिथे 'फेललॉक' आहे. 'कमांड सापडली नाही' असं उत्तर येतं आणि माणूस शोधाशोध करून पुढे जातो. चीड येते, नुकसान होत नाही. मात्र त्याने शोधलेलं उत्तर त्याच दिवशी पानावर चढायला हवं. बहुतेक ठिकाणी ते ज्याच्या त्याच्या वहीत जातं.

मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये अझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरी या क्लाउडवरच्या खात्यांच्या सेवेचं नाव एन्ट्रा आयडी केलं. ती सांभाळायच्या कमांडचे जुने पॉवरशेल मोड्यूलही बाद करून कामं 'मायक्रोसॉफ्ट ग्राफ' या नव्या व्यवस्थेकडे वळवली. अशा वेळी नवीन नाव वापरा आणि जुनं नाव कंसात एकदा तरी राहू द्या, कारण लोक जुन्याच नावाने शोधतात. स्क्रीनशॉट मात्र कमी करा. क्लाउडचं पोर्टल सारखं बदलतं आणि बारा चित्रांचं पान बदलायला कुणी धजत नाही. मेनूचं नाव शब्दांत लिहिलं तर दुरुस्ती मिनिटाची असते.

गुपचूप चुकणारे आकडे वेगळे. रेड हॅट 6 पर्यंत माणसांच्या खात्यांचे यूआयडी (खात्याचे नंबर) 500 पासून सुरू व्हायचे. 2014 मध्ये आलेल्या रेड हॅट 7 पासून ते 1000 पासून सुरू होतात. '500 च्या वरचे सगळे युजर यादीत घ्या' अशी यादीची ओळ अजून कुठे असेल, तर तिच्यात सिस्टीमची खातीही येतात. त्या यादीवर कुणी 'न वापरलेली खाती बंद करा' मोहीम काढली की एखादी सर्व्हिस गप्प बसते.

सगळ्यात कच्चं पान: खातं बंद करणं

खातं उघडायचं पान रोज वापरात असतं, म्हणून ते त्यातल्या त्यात बरं राहतं. खातं बंद करायच्या पानाकडे माणूस सोडून गेल्यावरच कुणी बघतं आणि तेव्हा घाई असते. माझ्या मते आढावा घ्यायला वेळ थोडा असेल तर तो सगळा याच पानावर घालवावा.

पहिली चूक: 'पासवर्ड लॉक करा, झालं.' लिनक्सवर पासवर्ड लॉक केला तर फक्त पासवर्ड चालेनासा होतो. त्या माणसाची एसएसएच की (पासवर्डशिवाय लॉगिन करू देणारी डिजिटल किल्ली) सर्व्हरवर असेल तर तो आत येऊ शकतो. खात्याची मुदतच संपवावी लागते, 'चेज' किंवा 'युजरमॉड' वापरून. शिवाय चालू असलेली सेशन वेगळी तोडावी लागतात आणि त्याच्या नावावरचे क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) बघावे लागतात. रात्रीचा बॅकअप एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावरून चालतोय, हे बऱ्याचदा ते खातं बंद केल्यावर कळतं. हे क्रमाने पानावर हवं.

दुसरी चूक: खातं लगेच डिलीट करायला सांगणं. लिनक्समध्ये फाइलवर मालकाचं नाव नसतं, नंबर असतो. खातं गेलं आणि फाइल राहिल्या, तर त्या नुसत्या नंबरच्या मालकीच्या होतात. 'युजरॲड' साधारणपणे वापरात असलेल्या सर्वांत मोठ्या नंबरच्या पुढचा नंबर देतं. काढलेलं खातं शेवटचंच असेल, तर पुढच्या नवीन माणसाला नेमका तोच नंबर मिळतो आणि गेलेल्या माणसाच्या फाइलही. म्हणून आधी बंद करा, बेवारस फाइल 'फाइंड'ने 'नो युजर' लावून शोधा, त्यांचा मालक ठरवा आणि मग डिलीट करा.

विंडोजवर गंमत उलटी आहे. 'चुकून डिलीट झालं तर त्याच नावाने परत बनवा' असं अनेक पानांवर लिहिलेलं असतं. नाव तेच असलं तरी एसआयडी (विंडोजमधला खात्याचा ओळख क्रमांक) नवीन मिळतो, आणि पर्मिशन एसआयडीला दिलेल्या असतात. खातं दिसायला तेच, हक्क शून्य. पानावर लिहायचं ते रिस्टोअर करणं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (ऑफिसच्या विंडोज खात्यांच्या मध्यवर्ती नोंदीत) रीसायकल बिन सुरू आहे का, हे डिलीट करण्याआधी बघा. एन्ट्रा आयडीत डिलीट केलेला युजर 30 दिवसांपर्यंत परत आणता येतो. हा आकडा पानावर ठळक असावा, कारण 31 व्या दिवशी तो शोधून उपयोग नाही.

पासवर्डचे नियम तीन पानांवर तीन

एका पानावर पासवर्ड 90 दिवसांनी बदला, दुसऱ्यावर 60, प्रत्यक्षात सर्व्हरवर तिसरंच. त्यात मुळातला सल्लाही बदललाय. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने 2017 च्या मार्गदर्शनात, पासवर्ड फुटल्याची चिन्हं नसताना ठरावीक दिवसांनी तो बदलायला लावू नका असं सांगितलं. मायक्रोसॉफ्टनेही 2019 मध्ये विंडोजच्या सुरक्षा बेसलाइनमधून (शिफारस केलेल्या सेटिंगमधून) मुदतीचा नियम काढला. तुमच्या संस्थेचं धोरण वेगळं असू शकतं, पण आकडा एकाच ठिकाणी लिहा आणि बाकीच्या पानांवरून तिकडे लिंक द्या. त्याहून बरं म्हणजे आकड्याऐवजी तो बघायची कमांड द्या: लिनक्सवर 'चेज' छोट्या 'एल'सह, विंडोजवर 'नेट अकाउंट्स'.

तक्रारीवरून पानातली चूक ओळखा

तीच तक्रार पुन्हा पुन्हा आली की युजरला दोष देण्याआधी पान उघडा. 'ग्रुप दिला तरी फोल्डर उघडत नाही' यामागे बहुधा 'युजरने लॉगआउट करून परत लॉगिन करावं' ही ओळ पानावर नसते. 'युजर सर्व्हरवर दिसतच नाही, पण लॉगिन होतंय' म्हणजे पान अजून स्थानिक पासवर्ड फाइल बघायला सांगतंय आणि खाती मध्यवर्ती डिरेक्टरीतून येतायत; तिथे दोन्हीकडची खाती दाखवणारी 'गेटेंट' कमांड हवी. पासवर्ड बरोबर असून डोमेनवर लॉगिन होत नसेल तर घड्याळ बघा. डोमेनवर लॉगिन तपासणारी केर्बेरॉस ही पद्धत डिफॉल्टने पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. ही ओळ फार कमी पानांवर असते.

बदल कोण करणार?

'दर तीन महिन्यांनी आढावा घ्यावा' असं लिहून ठेवणं म्हणजे कुणीच न घेणं. रिमाइंडर येतो, पुढे ढकलला जातो. बदलाचं तिकीट डॉक्युमेंटची लिंक दिल्याशिवाय बंदच होऊ नये, हा नियम जास्त चालतो. स्क्रिप्ट गिटमध्ये (प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) असतील तर डॉक्युमेंटही तिथेच ठेवा. स्क्रिप्ट तपासणारा पानही तपासतो.

पान तपासायला नवीन माणूस घ्या. त्याला एक टेस्ट खातं उघडायला, ग्रुप द्यायला आणि बंद करायला सांगा. जाणकाराने शेजारी बसावं, बोलू नये. जिथे तो थांबेल आणि मान वर करेल, तिथे ओळ कमी आहे.

हे करताना पानावर एखादा खरा पासवर्ड सापडलाच, तर तो पुसून थांबू नका. विकी आणि गिट दोन्हींच्या इतिहासात तो तसाच राहतो, म्हणून आधी पासवर्ड बदला, मग पान. आणि त्या पानाची पीडीएफ ईमेलवरून किती जणांकडे गेली आहे तेही विचारा.