रेंज आधी, शीतकढी नंतर

पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज करायचा तर शस्त्र नियम २०१६ प्रमाणे प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्या वर्गात सहायक म्हणून नवे आलात की वेळापत्रक बहुधा तुमच्याच गळ्यात पडतं. नेमबाजी उत्तम येत असली तरी हे काम वेगळं.

पहिली गोष्ट, रेंज, म्हणजे मैदानावरची नेमबाजी, सकाळी. गोव्यात एप्रिल-मेमध्ये अकरा वाजले की तळहात घामाने निसटतात, चष्म्यावर वाफ धरते. दुपारी तर विचारूच नका. शीतकढी, म्हणजे भात-आमटी, जेवलेल्या माणसाच्या हाती भरलेलं .३२ रिव्हॉल्व्हर देणं मला पटत नाही, मग तो निवृत्त जवान का असेना.

रेंजवर जाण्याआधी तासभर कायदा आणि सुरक्षेचे नियम घ्या. डोकी ताजी असतात तेव्हाच ते ऐकले जातात. मग तुकड्या पाडा. फायरिंग लाइनवर मोजकीच माणसं हवीत. उरलेल्यांना मागे गप्पा मारत उभं केलंत तर कानाला मफ लावलेल्यालाही त्यांचाच त्रास. त्यांना वर्गात रिकाम्या हत्यारावर पकड आणि ट्रिगरचा सराव द्या. त्या खोलीत मात्र खरं काडतूस एकही नको, कुणाच्या खिशातसुद्धा नाही. दारातच तपासा, ओळखीचा असला तरी.

चहाची सुट्टी कागदावर दहा मिनिटांची लिहू नका. आधी हत्यारं रिकामी करून दाखवायची, उरलेली काडतुसं आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून वहीत नोंदवायच्या, हिशेब जुळल्यावरच लोकांना सोडायचं. मग साबणाने हात धुणं, कारण बोटांवर शिशाचा अंश असतो आणि पुढ्यात भाजीपाव. अर्धा तास धराच. चहाचं टेबल रेंजपासून लांब मांडा.

जेवणानंतर लोक पेंगतात, म्हणून तेव्हा हत्यारांची साफसफाई ठेवा. हात चालू राहिले की डोळे उघडे राहतात, आणि आपल्या खाऱ्या हवेत सकाळी वापरलेली नळी तशीच ठेवली तर गंज चढायला वेळ लागत नाही. लेखी चाचणी शेवटी.

जूननंतरची बॅच उघड्या रेंजवर असेल तर एक राखीव रविवार आधीच सांगून ठेवा. तो गणेश चवथीच्या आठवड्यात मात्र धरू नका, कोणी फिरकणार नाही.