रेडिओॲक्टिव्ह औषधाचं खोकं विमानाने पाठवताय? मग या चुका टाळा

नाशिकमध्ये आता न्यूक्लिअर मेडिसिनची, म्हणजे रेडिओॲक्टिव्ह औषध देऊन तपासणी-उपचार करायची कामं बऱ्यापैकी होतात, पेट स्कॅन, थायरॉईडचं आयोडीन वगैरे, त्यामुळे हॉस्पिटलचे स्टोअरवाले आणि कार्गो एजंट यांचे प्रश्न पण वाढलेत, आणि पहिली शंका ठरलेली की प्रवाशांच्या विमानात असलं खोकं चालतं तरी का. चालतं की. पॅसेंजर फ्लाईट रोज असतात आणि या औषधाला थांबायला वेळ नसतो, म्हणून तर ही सोय ठेवलीय. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने पॅसेंजर विमानातला असला माल जवळपास बंदच केला, तरी मेडिकल आणि रिसर्चचा माल त्यातून वगळला. खोकं रेडिएशनमुळे अडकलं असं क्वचितच होतं, अडकतं ते कागद नाहीतर लेबल गंडल्यामुळे, आणि अडकलं की आतला डोस तिथेच बसून कमी होत राहतो.

सगळ्यात कॉमन घोळ टीआयचा, म्हणजे ट्रान्सपोर्ट इंडेक्सचा, खोक्याबाहेर किती रेडिएशन येतं हे सांगणाऱ्या आकड्याचा. लोक रेडिएशन मोजायचं मीटर खोक्याला चिकटवतात, आकडा बघतात आणि त्यावरूनच टीआय काढतात. अहो, टीआय खोक्यापासून एक मीटरवर मोजतात! टेप घ्या, एक मीटर अंतर धरा, सगळ्या बाजूंनी फिरा आणि सगळ्यात जास्त आलेला आकडा घ्या. मीटर तासाला मायक्रोसिव्हर्टमध्ये (हे रेडिएशनचं एकक) दाखवत असेल तर त्याला सरळ १० ने भागायचं. १६ आले तर टीआय १.६. ११.३ आले तर १.१३ लिहायचं नाही, १.२ लिहायचं, इथे राऊंड नेहमी वरच होतं. आता समजा त्याच १.६ वाल्या खोक्याला अगदी चिकटवून मोजलं तर ४०० येतात. चिकटवून ५०० पर्यंत यलो-टू (पिवळ्या लेबलची खालची कॅटेगरी, तिच्या वरची यलो-थ्री) चालतं, म्हणून स्टोअरवाला बिनधास्त यलो-टू लावून मोकळा होतो आणि एअरपोर्टवरून फोन येतो. कारण यलो-टू ला टीआय १ च्या वर जाऊन चालत नाही, त्यामुळे हे खोकं यलो-थ्री. दोन आकडे दोन वेगळ्या कॅटेगरी सांगत असतील तर वरची धरायची, आणि लेबल एका बाजूला नाही, समोरासमोरच्या दोन बाजूंना लावायचं.

यलो-थ्री बघून काही एजंट घाबरतात आणि म्हणतात हे पॅसेंजरमध्ये जाणारच नाही, तेही चूक. यलो-थ्री ची हद्द टीआय १० पर्यंत आहे, पण पॅसेंजर विमानात एका खोक्याला ३ पर्यंतच परवानगी आणि अख्ख्या विमानात सगळ्या खोक्यांचे मिळून ५०. तीनच्या वर गेलं की मालवाहू विमान बघायचं. म्हणजे आपलं १.६ वालं खोकं यलो-थ्री असूनही आरामात पॅसेंजरच्या पोटात जातं. तिथेही ते कुठेही टाकत नाहीत, टीआय जेवढा जास्त तेवढं प्रवाशांपासूनचं अंतर जास्त, २.१ ते ३ असेल तर एकट्या खोक्याला निदान ७० सेंटीमीटर.

आता डिक्लेरेशन, म्हणजे खोक्यात काय आहे हे पाठवणाऱ्याने सही करून सांगायचा तो लाल पट्ट्यांच्या बॉर्डरचा कागद. औषधाची रेडिओॲक्टिव्हिटी आपल्याकडे डॉक्टर, टेक्निशियन सगळे मिलिक्युरीत सांगतात आणि भरणाराही कागदावर १०० मिलिक्युरी लिहून टाकतो. बेक्वेरेल पाहिजे, म्हणजे ३.७ गिगाबेक्वेरेल. नेहमीच्या टाईप ए खोक्याला (ठरावीक मर्यादेपर्यंतच्या मालाचं पॅकिंग) बहुतेक वेळा युएन २९१५ हा मालाचा नंबर येतो, त्यासोबत आयसोटोप (आतला रेडिओॲक्टिव्ह पदार्थ), कॅटेगरी, टीआय, खोक्याची मापं हे सगळं लागतं, आणि लेबलवरचा नि कागदावरचा टीआय वेगळा निघाला की संपलंच. खाडाखोड झाली तर ज्याने कागदावर सही केली त्यानेच तिथे परत सही करायची, व्हाईटनर अजिबात नको. आणि सही करणाऱ्याचं डेंजरस गुड्सचं (धोकादायक मालाचं) ट्रेनिंग दोन वर्षांच्या आतलं आहे ना, हे एकदा बघून घ्या, सर्टिफिकेट फाईलला लावून सगळे विसरून जातात.

बुकिंग करताना एअरलाईन क्लास सेव्हन, म्हणजे रेडिओॲक्टिव्ह माल, घेते का हे आधी विचारा, कारण नियमात बसत असलं तरी घ्यायचं की नाही हे कंपनी स्वतः ठरवते. कॅप्टनला या मालाची लेखी माहिती उड्डाणाआधी द्यावी लागते, त्यामुळे शेवटच्या क्षणी आणलेलं खोकं खालीच राहतं. आणि शनिवार-रविवार मध्ये येईल असं पाठवू नका हो. द्राक्षं निदान कोल्ड स्टोअरेजमध्ये थांबतात, आयोडीन-१३१ कुठेही ठेवलं तरी दिवसाला साधारण ८ टक्के जाणारच, आठ दिवसांत निम्मं. स्कॅनला वापरतात त्या टेक्नेशियमचं निम्मं सहा तासांत. पेट स्कॅनच्या एफडीजी या औषधाचं तर ११० मिनिटांतच, म्हणजे मुंबईहून निघालेली गाडी कसारा घाटात अडकून चार तास लागले तर निघाला त्याच्या पाव पण माल पोचत नाही, त्यामुळे तिथे विमानाचा विचारही करू नका, गाडी वेळेवर सोडा.

रिकाम्या खोक्यांकडे कोणी लक्षच देत नाही. औषध वापरलं, शिशाचं भांडं परत पाठवायचं, आणि बाहेर जुनं पिवळं लेबल तसंच! कार्गोवाला लेबल बघून कागद मागणार, कागद नाही, खोकं पडून. जुनी लेबलं काढा नाहीतर पूर्ण झाका, मीटरने मोजणं आणि वाईप टेस्ट (खोकं पुसून त्या कागदावर काही लागतं का बघणं) दोन्ही करा. वापरलेला जनरेटर (मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम काढायचं भांडं) मात्र रिकामा समजू नका, मॉलिब्डेनमचं निम्मं व्हायला ६६ तास लागतात, त्यामुळे आठवड्याने पण त्यात सोळा-सतरा टक्के असतंच.

‘डॉक्टर ओझरच्या विमानतळावरून जाताहेतच, त्यांच्या बॅगेत देऊ का’ असंही विचारतात लोक. नाही. केबिनमध्ये नाही, चेक-इनमध्ये पण नाही, पुडी कितीही छोटी असो.

खोकं ओलं किंवा दबलेलं आलं तर उघडून बघायची घाई नको. बाजूला ठेवा, लोकांना लांब करा, ज्यांनी उचललं त्यांना तिथेच थांबवून हात तपासा आणि आरएसओला, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला, बोलवा. फडक्याने पुसून काढणं सगळ्यात वाईट, सांडलेलं असेल तर ते तुम्ही अजून पसरवता.

पेशंटचं वेगळं आहे. उपचारासाठी शरीरात गेलेलं औषध घेऊन प्रवास करायला विमानाच्या नियमांची आडकाठी नाही, फक्त कधीपासून प्रवास करायचा हे डॉक्टरांना विचारा, शेजारी लहान मूल किंवा गरोदर बाई बसू शकते. आपल्याकडची मेटल डिटेक्टरची चौकट यावर वाजत नाही, पण परदेशात काही ठिकाणी रेडिएशन डिटेक्टर असतात आणि आयोडीनच्या मोठ्या डोसनंतर ते काही आठवडे, कधी दोन-तीन महिन्यांनी पण वाजू शकतात. त्यासाठी हॉस्पिटलच्या लेटरहेडवर इंग्रजीत चिठ्ठी घ्या, त्यात औषधाचं नाव, डोस, दिल्याची तारीख आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा फोन नंबर पाहिजे, आणि ती चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टसोबत हातात ठेवा.